सोहमचा उजवा हात

शालू, हे पत्र हाती आलं की तो मोबाइल बाजूला ठेव गो. फोनवर नुसती "सोहम कसा आहे?" विचारतेस, आणि पुण्याहून पाय काही निघत नाही तुझा! आता आमची रत्नागिरीची वारी वाचच.

सकाळच्या एसटीने राजापूरहून निघालो. मी, सूनबाई रेश्मा आणि सात महिन्यांचा सोहम. कारण असं, की लसीचं सांगायला आशाताई घरी आल्या होत्या. त्यांनी खुळखुळा सोहमच्या उजव्या हाताशी धरला, तर पठ्ठ्याने डावा हात पलीकडे नेऊन घेतला. मी आपली कौतुकाने म्हणाले, "आजोबांवर गेलाय!" तुझे काका डाव्या हाताने पाग (फेकायचं जाळं) टाकतात, ठाऊक आहे ना तुला? आशाताई हसल्या नाहीत. "काकी, उद्यावर टाकू नका. दाखवून या."

वळणावळणांनी मलाच मळमळायला लागलं. शेजारच्या बुरखेवाल्या बाईने पिशवीतली सोलं (आमसुलं) दिली. "चघळा, चाची. बाळ बघा कसं शहाणं, आणि तुम्ही!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोहमला चटईवर निजवलं, पाय हलवून पाहिले, उजवी मूठ हळूच सोडवली. "आजी, वर्षाच्या आत मूल सहसा एक हात निवडत नाही. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली असावी. अजून तपासण्या करू."

"रोज तेल लावते हो मी. ती मूठ मीच उघडून पुसते. मला कसं नाही कळलं?"

"आता कळलंय ना? तेच हात कामाला लावू. व्यायाम शिकवते."

"बरा होईल?"

"किती, ते आज नाही सांगता येणार. पण लवकर आलात."

दुपारी मांडवीला समुद्राकाठी जेवायला बसलो. तळलेला बांगडा पुढ्यात, पण मी नुसते काटे काढत बसले. "खा आई," रेश्मा डोळे पुसत म्हणाली, "उद्या व्यायाम कोण घेणार?" मग किनाऱ्यावर त्याच्या उजव्या तळव्याला ओली वाळू लावली. बोटं हलली, असं मला वाटलं. "वारा असेल," रेश्मा म्हणाली, तरी तिने पुन्हा लावली.

परत आल्यावर पाळण्याची दिशा बदलली. खेळणी, माणसं, सगळं उजवीकडे. जे हवं ते आपण डोळ्यांसमोर मांडून बसतो, शालू. मीही तेच केलं होतं, त्या डाव्या हाताचं कौतुक करत. आता तुझे काका रोज जाळं तरंगत ठेवणारं बूच घेऊन त्याच्या उजव्या हाताशी बसतात. काल त्याने त्यावर तळवा टेकला. धरलं नाही, नुसता टेकला. काका हललेच नाहीत, चहा गार झाला.

तू लवकर ये. आणि आलीस की उजवीकडे बस हो त्याच्या.