अनसूयाआत्याचं गोणपाट

अनसूयाआत्या कुणाच्याही घरी गेली, की माणसांना रामराम नंतर. आधी कोपऱ्यातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात. मूठभर दाणे काढायची, एक दाढेखाली फोडायची आणि घरमालकाकडे असं पाहायची, की चोरी न केलेला माणूसही कबुली देऊन टाकील. माझ्या लग्नात तिनं अक्षतांचा तांदूळ चावून पाहिला होता. "किडका हाये!" ती ओरडली आणि मंगलाष्टकं थांबली. बायको अजून म्हणते, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

माझी ती सख्खी आत्या नव्हे. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात ती सगळ्यांचीच आत्या. मोठ्या शेतीची मालकीण, ग्रामपंचायतीची सदस्य, आणि आवाज असा, की तिनं वावरात गड्याला हाक मारली की पार पलीकडच्या दुसरबीड गावात एसटी थांबायची. मी गावचा सरपंच. म्हणजे सही माझी, डोकं तिचं.

एका वर्षी दुकानातून आणलेलं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रार केली, साहेब आले, नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला तेव्हा शेतात तण माझ्या उंचीचं झालं होतं. म्हणजे फार नव्हे, पण झालं होतं. आत्या ग्रामसभेत उठली. "हंगाम गेल्यावर कागद घेऊन काय चाटायचा? आपण पेरायच्या आधी पाहू!"

ठराव झाला. बियाणं दुकानाचं असो की घरचं, आधी मारुतीच्या पारावर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर पास. नापास बियाणं गावात कुणी विकायचं नाही, पेरायचं नाही. मी त्यावर अशी सही ठोकली, की दिल्लीहून अभिनंदनाचा फोन येईल म्हणून मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला.

फोन आला नाही, तालुक्याहून कृषी अधिकारी आले. माणूस सज्जन होता. म्हणाले, "सरपंच, तपासणी खुशाल करा, आम्हीही तेच सांगतो. पण विक्रीवर बंदी तुम्हाला घालता येत नाही. परवाना राज्याचा असतो. गावागावानं वेगळा नियम केला, तर दुकानदारानं किती गावांचं ऐकायचं?"

मला लगेच पटलं. मला खुर्चीवर बसलेल्या कुणाचंही लगेच पटतं. आत्याला पटलं नाही.

"साहेब, महाराष्ट्र लय मोठा हाये, माह्यं वावर लहान. मोठ्यानं लहानाले इचारून पेरलं तं काय बिघडते?"

"आत्याबाई, कायदा सगळ्यांना एकच हवा."

"मंग पाऊसही सगळीकडं एकच पाडा ना!"

साहेबांनी चहा प्यायला आणि ठराव कायद्यात बसत नाही असं लिहून दिलं. गावानं तो कागद वाचला, घडी घातली आणि गोणपाट ओलं करत राहिलं.

दोन हंगाम हे चाललं. अर्धं गाव आत्याच्याच घरचं सोयाबीन पेरायचं. तिचं बियाणं म्हणजे देवाचा अंगारा. तिसऱ्या उन्हाळ्यात पेरणीच्या तोंडावर तिचं गोणपाट उघडलं. निम्मे दाणेही उगवले नव्हते. आदल्या काढणीला शेंगा पावसात भिजल्या होत्या, त्याचा तो प्रसाद. बियाणं मात्र तिनं विश्वासानं आधीच घरोघरी वाटून टाकलेलं.

आत्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि माझ्यातला वकील जागा झाला. मी घसा खाकरला. "आत्या, घाबरू नका. आपला ठराव कायद्यात बसतच नाई. राज्याच्या कायद्यात घरच्या बियाण्याले कोणी अडवत नाई. तुमचं चालते!"

लोकांनी माना डोलावल्या. कुणाला तिला मान खाली घालायला लावायची नव्हती. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं माझं वजन निदान किलोभर कमी झालं असेल.

"काऊन बे? दोन वर्सं ज्या कायद्यासंगं मी भांडून राह्यली, त्याच्याच पदराआड आज लपू काय? दुकानदाराचं नापास, आन् माह्यं पास?" मग पारावर उभी राहून, दुसरबीडची एसटी थांबेल अशा नव्हे, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "माह्यं बियाणं नापास हाये. कोणी पेरू नका."

त्या दिवशी ती घरोघरी फिरून आपलं बियाणं परत घेत होती. पोती माझ्या डोक्यावर. लोक विचारत, "सरपंच, नवीन धंदा काढला काय?" ते सगळं सोयाबीन तिनं तेल काढायचा माल म्हणून विकून टाकलं आणि साखरखेर्ड्याच्या दुकानातून बियाण्याच्या पिशव्या आणल्या. त्याही गोणपाटात घातल्या. उगवण भरगच्च निघाली. आत्या बराच वेळ ते कोंब पाहत बसली, जसं भांडखोर जावेचं देखणं पोर पाहावं. "चांगलं हाये. कबूल कराच लागते," एवढंच म्हणाली.

तेच तिचं शेवटचं पीक. काढणी झाली आणि थंडीत आत्या गेली. तिच्या मुलीनं त्या पिकातलं बियाणं नेहमीसारखं गावाला द्यायचं ठरवलं. पेरणीआधी ते पारावर आलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, की आत्याचं आहे, निदान यंदा असंच वाटू. पण तेवढ्यात कुणीतरी गोणपाट भिजवलं, कुणी शंभर दाणे मोजले, आणि इतरांच्या गुंडाळ्यांशेजारी तिचीही गुंडाळी उभी करून ठेवली.