डॉक्टरांच्या पायातल्या माझ्या चपला

पेशंटचं पोट उघडून झालं होतं आणि माझ्या चपला डॉक्टरांच्या पायात होत्या. ते टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. टेबलाशी येताना माझं लक्ष गेलं, पण तोवर माझे हात धुऊन झाले होते. हात धुऊन, गाऊन आणि ग्लोव्हज चढवून तयार होणं म्हणजे स्क्रब होणं. स्क्रब झालेल्या माणसाने कमरेखाली कशालाही हात लावायचा नसतो. स्वतःच्या चपलेलाही नाही.

सई, ओम, तुम्ही दर रविवारी विचारता, आजीची टाच कशी आहे. ‘बरी आहे’ म्हटलं की तुमचा विश्वास बसत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो दुखावला की त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो. थोडं चाललं की कमी होतं, आणि माणूस फसतो. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी खिळा परत हजर. माझं काम तर उभं राहण्याचंच. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर मी वर्ध्यातल्या या खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला लागले. सर्जनच्या हातात अवजारं देणं आणि पोटात गेलेला प्रत्येक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, मोजून बाहेर घेणं ही माझी जबाबदारी. व्यायाम झाले, बर्फ झाला, गोळ्या झाल्या, टाचेत इंजेक्शनही झालं. वर्ष सरलं, टाच तिथेच.

त्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभी असताना आमच्या सर्जननी, भोयर डॉक्टरांनी, पाहिलं.

“सिस्टर, एक तारखेपासून तुम्ही स्टोअर बघा. बसून काम आहे.”

“आता बराच फरक आहे, डॉक्टर.”

“भिंतीला फरक पडला असेल.”

मी भिंत सोडून सरळ उभी राहिले. स्टोअर म्हणजे ग्लोव्हजची खोकी. सगळा जन्म टेबलाशी काढून मला खोक्यांशी बोलायचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. मंगळवारी अल्लीपूरच्या बाईंचं आतड्याचं मोठं ऑपरेशन आहे. त्यात उभ्या राहा, मग ठरवू.”

त्या मंगळवारसाठीच मी सईने पाठवलेल्या जेलच्या टाचा, म्हणजे टाचेखाली ठेवायच्या मऊ गाद्या, थिएटरच्या चपलांत चिकटवल्या होत्या. बाहेरची पादत्राणं आत चालत नाहीत. दाराशी रॅकमध्ये रबरी चपला असतात आणि त्या कुणाच्याच नसतात. जी हाताला लागेल ती जोडी घालायची. जेल मावावं म्हणून मी मुद्दाम मोठी, पुरुषांच्या मापाची जोडी निवडली आणि रॅकच्या तळाशी मागे लपवली. साफसफाईच्या शेवंता मावशींनी सकाळी रॅक पुसला आणि ती जोडी वर, समोर ठेवली.

तर मी साध्या, सपाट चपलांत उभी. पहिला तास निभावला. मग आतड्याला टाके सुरू झाले आणि टाचेतून कळ पोटरीपर्यंत जाऊ लागली. मी भार या पायावरून त्या पायावर टाकत होते. रोशनी, आमची नवी स्टाफ नर्स, तेव्हा स्क्रब न होता बाहेरून सामान पुरवत होती. तिने पाहिलं आणि पेशंट टेबलावर चढतात ती छोटी लोखंडी पायरी पायाने सरकवत माझ्याजवळ आणली. मी एक पाय वर ठेवला. पायरी करकरली.

“सिस्टर, काय चाललंय?” डॉक्टरांनी मान वर केली नाही.

“टाच, डॉक्टर.”

“तुम्ही तर म्हणाला होतात फरक आहे.”

“फरक तुमच्या पायात आहे.”

ते थांबले. मास्कच्या वर नुसते डोळे. “म्हणजे?”

“तुम्ही घातलेल्या चपला माझ्या आहेत. आत जेल आहे.”

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई यंत्रामागे खुदकन हसल्या.

“तरीच,” डॉक्टर म्हणाले. “मी म्हणतो, आज कंबर काऊन दुखत नाई. रोशनी, बदल करून दे.”

हात न लावता त्यांनी चपला काढल्या, मी काढल्या. रोशनीने टेबलाखालून पायानेच इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे केल्या. तेवढं होईपर्यंत आम्ही दोघं अनवाणी उभे, आणि माझ्या हातात त्यांच्यासाठी सुई तयार.

जेलने आराम पडला, पण पुरता नाही. पोट शिवायच्या आधी मॉप मोजताना एक कमी भरला. मी पुन्हा मोजले. तो ट्रेमध्ये दुसऱ्याला चिकटलेला निघाला. चूक झाली नाही. पण पहिल्यांदा मोजताना माझं मन मॉपवर नव्हतं, टाचेवर होतं. हे फक्त मला माहीत होतं.

बाहेर मावशी दाराशीच होत्या. “मले का मालूम सिस्टरबाई, त्यात गादी हाय म्हून? मले वाटलं, डॉक्टरसायबाच्या मापाची जोडी खाली काऊन पडून राह्यली.”

डॉक्टर टोपी काढत म्हणाले, “उभ्या राहिलात. स्टोअर रद्द.”

“स्टोअर रद्दच ठेवा,” मी म्हटलं. “पण लांबलेली ऑपरेशनं माझ्याच्याने होणार नाहीत. आज मॉप मोजताना लक्ष ढळलं. मोठ्या केसला रोशनी स्क्रब होईल, मी तिच्या मागे स्टुलावर बसून शिकवीन. छोट्या मी करीन.”

त्यांनी टोपी बादलीत टाकली. “हे गेल्या आठवड्यात सांगितलं असतं तर?”

“तर तुम्ही स्टोअरला पाठवलं असतं.”

“पाठवलं असतं,” ते म्हणाले.

आता तसंच चाललंय. अल्लीपूरच्या बाई चालत घरी गेल्या. टाच अजून दुखते. सकाळी उठण्याआधी टॉवेलने पंजा ओढून घेते, मगच जमिनीवर पाय टाकते. या दुखण्यापासून सुटका नाही, ते सांभाळून त्याच्यासोबत काम करायचं, एवढंच मला कळलं आहे. आणि सई, पुढच्या वेळी जेलच्या दोन जोड्या पाठव. डॉक्टर अजूनही माझ्याच चपला घालून जातात. आता ते चुकून होत नाही.