बोगद्यातून उलटा आलेला ओंडका

भुताखेताचा अनुभव सांगणाऱ्याला मी आधी ‘किती घेतली होती?’ असं विचारायचो. डिप्लोमा मेकॅनिकलचा, त्यात तोंडाने फटकळ... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहितो.

भिंगारच्या पुढे, पाथर्डी रोडला आमची सॉ मिल आहे. मी तिथे सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी नवी लाईन बसवली — ओंडके बेल्टवरून एकामागोमाग थेट करवतीपर्यंत जातात. मध्ये लोखंड शोधणारा पेटीसारखा बोगदा लागतो. झाडांत जुने खिळे, तारा असतात ना, त्यासाठी. रुंदी जेमतेम अडीच फूट. लाईनवर नियम एकच, बारीक शेंडा पुढे आणि जाड बुंधा मागे. उलटा गेला की बुंधा करवतीच्या तोंडाशी अडकतो आणि सगळं काम खोळंबतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी स्वतः कडुनिंबाचा दहा फुटी ओंडका बेल्टवर सोडला. पलीकडे करवतीजवळ सलीमभाई होते, वीस वर्षं हेच काम करणारे. त्यांची आरोळी आली, “साहेब, उलटा आलाय!”

“डोळे तपासून घ्या, सलीमभाई,” म्हणत मी बेल्ट मागे घेतला. बघतो तर बुंधा खरंच करवतीच्या बाजूला! माझाच वेंधळेपणा असेल म्हणून मुकाट्याने क्रेनने ओंडका फिरवला, शेंड्यावर खडूने मोठी फुली मारली आणि फुली पुढे करून पुन्हा सोडला.

“परत उलटाच हाय, साहेब! फुली मागं गेलीय. असं कसं लावताय तुमी?”

मी भडकलो. “मग या इकडे, तुम्हीच लावून दाखवा!” करवत बंद करायलाही सांगितलं नाही. पुन्हा चालू करण्यात वेळ जातो ना... शुद्ध मूर्खपणा माझा.

सलीमभाई दहा पावलं आले असतील. मागे फाडकन आवाज झाला. करवतीचा दातेरी पोलादी पट्टा तुटला, जाळी फाडून बाहेर आला आणि ते बसतात त्या जागेवरून जाऊन समोरच्या पत्र्यात घुसला. त्यांच्या स्टुलाचे दोन तुकडे झाले होते. सलीमभाई मटकन खाली बसले. मी सगळ्यांदेखत रडलो.

पट्ट्याला आधीपासून चीर होती, असं मेकॅनिकने सांगितलं. ते पटलं. पण दुपारी कॅमेरे पाहिले — बोगद्याच्या दोन्ही तोंडांना एकेक आहे. अलीकडच्या कॅमेऱ्यात फुली पुढे, ओंडका आत शिरतो. पलीकडच्यात बुंधा आधी बाहेर येतो! दहा फुटांचा ओंडका अडीच फुटांच्या बोगद्यात वळला कुठे? मी त्या बोगद्यात रांगत जाऊन आलो. काहीही नाही.

मालकांना गिऱ्हाइकाची ऑर्डर वेळेत पुरी करायची होती. नवा पट्टा बसल्यावर सलीमभाईंनीच तो ओंडका चिरला. या वेळी सरळ गेला. आत खिळा नाही, तार नाही, कीडसुद्धा नाही.

मला आजवर याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. सलीमभाईंना मात्र उत्तर नकोच आहे. चिरून झाल्यावर त्यांनी फळ्यांवर हात ठेवला. मग म्हणाले, “साहेब, त्यानं मला तिथनं उठवलं... अन् मी त्यालाच उभा चिरला.”