शनिवारी पाठवलेलं संगीत

हे मी कुठल्याच बैठकीत मांडलेलं नाही. आणि मी तर बैठकीत सगळं मांडणारा माणूस—कोण उशिरा आलं, घोषणेच्या वेळी कोण मागे सरकलं, सगळं, तोंडावर. हे तेवढं ठेवून घेतलं. दोन वर्षं झाली.

आधी संगीताचं सांगतो. ते सोपं आहे, म्हणून आधी.

अमरावतीत होस्टेल आणि मेसमध्ये राबणाऱ्या बायकांसाठी आम्ही काही पोरं-पोरी काम करतो. आमच्या व्हॉट्सॲप गटावर दर शनिवारी मी एक लिंक टाकतो—'आठवडा जड गेला असेल तर हे ऐका.' मंद इलेक्ट्रॉनिक संगीत. शब्द नाहीत, गायक नाही; एक सूर लांबत जातो आणि खाली काहीतरी घुमत राहतं, शेजारच्या खोलीत कूलर चालू असावा तसं. घोषणा देऊन घसा बसलेल्या माणसाला असंच काही लागतं. सगळे म्हणतात, भाऊची निवड भारी. पहिली लिंक कोणाला पाठवली आणि का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नाही.

शोभाताई एका खासगी मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करायच्या. पत्रकासाठी बोलायला कोणीच तयार नव्हतं, त्या बोलल्या. होस्टेलच्या मागच्या पायरीवर, कणकेचे हात तसेच. सुट्टी नाही, बसायला जागा नाही, ताप असला तरी तव्यापुढे उभं. शेवटी एकच अट घातली—"नाव नका टाकू भाऊ. अन् बडनेऱ्याचंही नका टाकू. तिथून येणारी मी एकलीच आहो."

मी वहीतलं 'बडनेरा' खोडलं. त्यांच्यादेखत.

मला ज्यांनी पत्रक लिहायला शिकवलं, त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की भरली होती—'एक महिला कामगार' असं लिहिलेलं पत्रक सरळ नालीत जातं. वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे. त्याची वाट, त्याची वेळ. अमरावतीतल्या छापखान्यांत होस्टेलच्या मालकाची ओळख, म्हणून आम्ही पत्रक अकोल्यात करून घ्यायचो. तिथे पडद्यावर ते वाक्य पाहिलं—'एक स्वयंपाकीण सांगते'—आणि मला ते फिकं वाटलं. कोण सांगते? कुठून येते? डीटीपी करणारे विलासभाऊ कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले होते. मी सांगितलं, त्यांनी टाइप केलं: 'बडनेऱ्याहून पहाटेच्या पहिल्या ऑटोने येणारी आमची एक ताई सांगते.'

"आता कसं जिवंत वाटून राहिलं," विलासभाऊ म्हणाले.

मलाही वाटलं. खरं सांगायचं तर—आनंद झाला. अट विसरलो होतो का? नाही. आठवत होती. वाक्य चांगलं होतं.

मंगळवारी पत्रक वाटलं. गुरुवारी शोभाताईंना कामावरून काढलं. शुक्रवारी सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला—"भाऊ, कागदात बडनेरा कसं काय आलं? तुमी तं खोडलं होतं न." राग नव्हता. नुसतं विचारत होत्या.

त्याच पत्रकात मी मालकाला चार जाहीर सवाल केले होते, जबाब द्या म्हणून ठणकावलं होतं. मला एकच सवाल आला—आणि मी दिवसभर फोन उलटा करून ठेवला.

शनिवारी दुपारी लिहिलं: 'ताई, डीटीपीवाल्याची चूक झाली. जुनी फाइल छापली गेली.' आणि त्याखाली—काहीतरी द्यावं म्हणून, की विषय बदलावा म्हणून?—ती लिंक. 'हप्ता फार खराब गेला तुमचा. हे ऐका. डोळे मिटून.'

काम गेलेल्या बाईला मी संगीत सुचवलं. बडनेरा किती लांब आहे अमरावतीहून? ऑटोत बसलं की आलंच.

त्यांनी ऐकलं—तेच तर. संध्याकाळी उत्तर आलं: "आयकलं भाऊ. यात कोणी बोलूनच नाही राहिलं, म्हून बरं वाटलं." पुढच्या शनिवारी त्यांनीच विचारलं, "या हप्त्याचं?" तेव्हापासून चालू आहे. एकट्या त्यांनाच पाठवणं जड जायला लागलं, म्हणून गटावरही टाकू लागलो. आता त्या एका मळ्यात फुलं तोडायला जातात. तिथल्या बायकांना फोनवर लावून देतात म्हणे, आमच्या भाऊनं पाठवलं म्हणून.

आणि विलासभाऊ? बैठकीत मी तीच 'चूक' सांगितली. आमच्या समितीने त्यांना काम देणं बंद केलं. ठराव मी लिहिला. 'अक्षम्य निष्काळजीपणा'—हे शब्द माझे.

मी स्वतः ते संगीत आता ऐकत नाही. मध्येच कुठेतरी सूर तुटतो, क्षणभर काहीच नसतं—आणि तेवढ्यात मला 'खोडलं होतं न' ऐकू येतं. प्रत्येक तुकड्यात अशी एक जागा असते. म्हणून न ऐकताच पाठवतो.

गेल्या शनिवारी पुन्हा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे बायका बोलत होत्या, कोणीतरी हसत होतं.

"भाऊ, त्या डीटीपीवाल्या भाऊलेही पाठवत जा न एखादं. चुकलं असन त्याच्याकडून. जिवाले लागलं असन बिचाऱ्याच्या."

विलासभाऊंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. पाठवलं नाही. शोभाताईंना उत्तर लिहिलं—पाठवलं, ताई.