‘के’च्या आधी तुटणारी लाइन

सेनगावच्या बसस्टँडसमोर भिवाजींचा एसटीडी बूथ होता. ते एका पायानं अधू, म्हणून त्यांना तो परवाना मिळालेला. त्यांची मुलगी करुणा हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली आणि तिनं बूथच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आणि मोडेम मांडला. पोरं निकाल बघायला यायची. फोनच्याच तारेवरून चालणारं ते इंटरनेट दहा मिनिटंही धड टिकत नसे. तुटलं की करुणा पुन्हा लावायची.

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. चौथ्या दिवशी सकाळी भिकाबाई आडे बूथवर आल्या. तांड्यावरून तीन किलोमीटर चालत. त्यांचा कुलदीप ठेकेदाराबरोबर अंदमानला बंदरातल्या धक्क्याच्या बांधकामावर गेला होता. बूथचा नंबर त्याच्यापाशी होता, पण त्याचा फोन आला नव्हता, लागतही नव्हता. त्यांनी पेपरचा एक तुकडा पुढं केला. त्यात एका मदत संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता छापला होता.

“मास्तर म्हणले, याच्यात नावं येऊन राहिलीत. बघ वं पोरी.”

मोडेम किंचाळला, लाइन लागली. पानावर दोन याद्या होत्या. छावणीत असलेल्यांची एक आणि ओळख पटलेल्या मृतांची दुसरी. करुणानं पहिली उघडली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं हळूहळू उतरू लागली. ए, बी, सी... ‘जे’ संपत आला आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, तर यादी पुन्हा ‘ए’पासून. यावेळी ‘एच’लाच तुटली.

पाचव्यांदा तुटली तेव्हा करुणाला बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ‘के’मध्ये तो नसला तर दुसरी यादी उघडावी लागेल, आणि तिच्यातलं नाव भिकाबाईंना आपल्यालाच वाचून दाखवावं लागेल.

“काहून थांबली?” भिकाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या करुणाच्या तोंडाकडंच बघत होत्या.

“लाइन खराब हाय, मावशी. बघते.”

तिनं त्याच लाइनवरचा दुसरा फोन काढून ठेवला. मोडेमचा स्पीड कमी केला. तापलेल्या मोडेमखाली काड्यापेट्या ठेवून त्याला वारा लागू दिला. उपयोग शून्य. तेवढ्यात समोरून एसटी गेली, शटर थरथरलं आणि लाइन पुन्हा गेली.

गाडी गेली की लाइन जाते, हे करुणाच्या ध्यानात आलं. “आबा, रिसीव्हर कानाला लावा आन् ऐकत राहा.”

भिवाजींनी रिसीव्हर कानाला धरला. करुणा भिंतीवरची तार हात-हातभर हलवत निघाली. शटरच्या चौकटीपाशी आली आणि भिवाजी ओरडले, “खरखरलं! तिथंच!”

चौकटीला घासून घासून तारेवरचं प्लास्टिक गेलं होतं. उघडं तांबं दर गाडीगणिक लोखंडाला टेकत होतं. तिनं ब्लेडनं तेवढा भाग कापला. एकटीनं पीळ बसेना. शेवटी भिकाबाईंनी तारेची दोन्ही टोकं घट्ट धरली, मग तिनं पीळ देऊन काळी टेप गुंडाळली.

लाइन लागली. बाहेरून जीप गेली, ट्रक गेला, पण ती टिकली. ‘जे’ संपला. कमल, कार्तिक, कृष्णन... कुलदीप आडे. पुढं वय लिहिलं होतं, बेचाळीस.

तिनं सगळं खरं सांगितलं.

“माहा कुलदीप बावीस वर्षांचा हाय,” भिकाबाई पुटपुटल्या. “ह्यो दुसराच कोणी असंल तं?” मग म्हणाल्या, “दुसरी यादी उघड.”

“मावशी...”

“उघड म्हणलं न.”

दुसऱ्या यादीत कुलदीप नव्हता. पण ती पुरी नाही, रोज वाढते आहे, असं वर लिहिलेलं होतं. करुणानं तेही सांगितलं. भिकाबाई उठल्या आणि तांड्याच्या वाटेला लागल्या. त्यांनी बसायला घेतलेली पिशवी तिथंच राहिली.

पुढं पाच दिवस करुणा सकाळी शटर उघडताच दुसरी यादी उघडायची. एकेक नाव शेवटपर्यंत वाचायची.

सहाव्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. आवाज लांबून, तुटक येत होता. “कुलदीप बोलतो... हात मोडला, बाकी ठीक... आईला पाच वाजता आणा, पुन्हा लावतो.”

करुणा चपला न घालताच निघाली. वाटेत जीप मिळाली नाही, ती पळतच सुटली. तांड्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वसरामनं, कुलदीपच्या बापानं, बूथवरच्या पोरीला तशी धावत येताना पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. दारातून भिकाबाईंनी किंकाळी फोडली. बाया गोळा झाल्या, कोणी रडायलाही लागलं.

करुणाला धाप लागली होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “हाय! जिता हाय! माझ्याशी बोलला!”