ठिपक्यांचं पुस्तक

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं असं सांगितलं की आमच्याकडे नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे मेडिकलचं दुकान काढणार का?" नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा. मग मला चेव यायचा आणि मी त्यांना अख्खा अभ्यासक्रम ऐकवायची. पहिल्या वर्षी तीन विषय, त्यात रसायन एक. शिवाय फाउंडेशन कोर्स नावाचा एक पेपर, ज्यात लोकशाहीपासून मनावरच्या ताणापर्यंत काहीही येतं. मग एकेक विषय गळत जातो आणि तिसऱ्या वर्षी उरतं ते नुसतं रसायन. भौतिक, असेंद्रिय, सेंद्रिय, विश्लेषणात्मक, आणि जोडीला औषधं व रंग असा एक उपयोजित पेपर. जर्नलवर मॅडमची सही आणि विभागाचा शिक्का नसेल तर प्रॅक्टिकलला उभं करत नाहीत. एवढं सगळं ऐकून मावशी म्हणाली होती, "आणि इतकं करून दुकान पण नाही?"

हे सगळं नियमात लिहिलेलं असतं. एक गोष्ट तेवढी कुठेच लिहिलेली नसते, कारण ती सगळ्यांपाशी असते असं धरूनच चालतात. रसायनशास्त्राला रंग दिसावे लागतात.

आमचं कॉलेज लहान. काचसामान मोजकं, म्हणून पहिली दोन वर्षं दोघांत एक ब्युरेट आणि जोड्या रोल नंबरप्रमाणे. माझ्या वाट्याला खेडच्या आतल्या एका गावातला मुलगा आला. होस्टेलवर राहायचा, कुणाशी फारसा बोलायचा नाही, आणि मी दोघांपुरतं बोलायची. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी. तिच्यातून थेंब थेंब अल्कली खालच्या चंबूतल्या ॲसिडमध्ये सोडायची. एक थेंब असा येतो की पाणी अगदी फिकं गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे थांबायचं. हा चालत राहिला. चंबूतलं पाणी लग्नातल्या शालूसारखं राणी रंगाचं झालं तरी याचं आपलं टप टप चालूच. मी तापट. सगळ्या वर्गादेखत म्हटलं, "डोळे घरी विसरून आलास का?" त्याने चंबू धुतला आणि पुन्हा भरला. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मग ज्योतीची परीक्षा आली. क्षार तारेवर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायचा, कॅल्शियम असेल तर ज्योत विटेसारखी तांबडी होते, बेरियम असेल तर पोपटी. त्याने दोन्ही वेळा "पिवळी" म्हणून सांगितलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर तो सिंकपाशी उभा राहून म्हणाला, "आमच्याकडं रातांबं पिकून लाल झालं की पोरं झाडावर चढतात. मना फळ कुठला नि पान कुठला ताच कळायचा नाय. आई बोलायची, ह्यो आळशी हाय. मी पण तसाच समजून होतो." मग म्हणाला, "कोणाला सांगू नको गो."

मी सांगितलं नाही. आमची पद्धत ठरून गेली. ब्युरेटचा नळ त्याच्या हातात, डोळे माझे. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर होता. अर्धा थेंब नळीच्या टोकाला लोंबता ठेवायचा आणि मी "बस" म्हणेपर्यंत थांबायचा. आमची रीडिंगं वर्गात सगळ्यात जुळती यायची. लोकांना वाटायचं आम्ही आकडे जुळवून लिहितो. खरं तर जुळवून लिहिणारे तेच होते.

विषयात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे होता. रंगांच्या पेपरात तर त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. रेणूतल्या कुठल्या बंधामुळे प्रकाशाची कुठली लहर शोषली जाते आणि म्हणून तो पदार्थ डोळ्यांना कसा दिसतो, हे तो फळ्यावर असं मांडायचा की मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, तुला हे इतकं कळतं कसं? म्हणाला, "दिसत नाय म्हणून वाचावा लागतो."

तिसऱ्या वर्षी ज्याची त्याला ब्युरेट. मला वाटलं, आता हा बुडणार. पण त्याने वाटा शोधल्या होत्या. काही रंग लालाचे निळे होतात, ते त्याला ओळखता यायचे. बाकीच्यांसाठी तो रंग उलटून गेलेला एक चंबू शेजारी ठेवायचा आणि रंगाऐवजी उजेड-अंधार बघायचा. जिथे मीटर आकडे दाखवतो ते प्रयोग तर त्याला सणासारखे वाटायचे. वार्षिक प्रॅक्टिकलला तो कुणाच्या मदतीशिवाय उभा राहिला आणि वर्गात पहिला आला. मी दुसरी. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, आणि मी काही फार मोठ्या मनाची नाही.

मला तो आवडत होता. हे त्याला सांगितलं नव्हतं. सांगण्याआधी एक गोष्ट मार्गी लागायला हवी होती. त्याच्या गावातले पुरुष कळते झाले की मुंबईला जातात. वडील गेले, थोरला भाऊ गेला, आणि भावाने भिवंडीच्या एका गोदामात याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पदवी हातात पडली की निघायचं असं घरात ठरलेलं. आई गावात एकटी. तिला तो दर रविवारी फोनवर सांगायचा, जवळच कुठे लागलो तर येऊन जाऊन राहीन. इथे नोकरी लागली तर राहणार, नाही तर जाणार, इतकं ते सरळ होतं. आणि राहिला असता तर बाकीचं मी बघून घेतलं असतं.

नोकरी चालून आली. जवळच्याच मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी प्रयोगशाळेत एक केमिस्ट घेणार होती. लेखी परीक्षा, मग मुलाखत. पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा. जागा एकच. तिथली प्रयोगशाळा आम्ही सहलीत पाहिली होती. तिथे ब्युरेटसमोर डोळे लावून कुणी बसत नव्हतं. यंत्र आपणहून थेंब सोडायचं, आपणहून थांबायचं आणि पडद्यावर आकडा यायचा. हा त्या यंत्रापुढून हलेना. शेवटी मॅडमनी हाक मारली तेव्हा म्हणाला, "ही जागा माझ्यासाठीच हाय बघ."

राहिलं होतं ते मेडिकल. एका सीनियरने सांगितलं की डॉक्टर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, ठिपक्यांत वेगळ्या रंगाने आकडे लपलेले असतात, ते वाचायचे. ते ऐकून याचा चेहरा पडला. माझा नाही पडला. आम्ही पडलो पाठांतराची माणसं. क्षार ओळखायचे सगळे गट, त्यांची अभिकारकं, कशात कुठला साका बसतो, सगळं आम्ही पाढ्यांसारखं घोकून पास झालेलो. समजून मग घेतलं असेल, नसेल. मग ठिपके काय मोठे लागून गेले? फोनवर शोधलं तर त्या पुस्तकाची सुरुवातीची पानं सापडली. कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर आम्ही घोकायला बसलो. पहिल्या पानावर बारा. तो तर त्यालाही दिसायचा. मग आठ, मग एकोणतीस. मी आकडा सांगायची, तो त्या पानावरची एखादी खूण धरून ठेवायचा, कुठे मोठा ठिपका, कुठे कडेला फट. दुसऱ्या दिवशी पानं उलटसुलट दाखवली तरी तो चुकत नव्हता. यात काही वावगं आहे असं आमच्या मनातही आलं नाही. परीक्षा म्हटली की पाठ करायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं.

मेडिकलच्या दिवशी मी दवाखान्याबाहेर रिक्षा स्टँडच्या सावलीत उभी होते. तो बाहेर आला तो हसतच. असा दात दाखवून हसताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सगळी बरोबर आली गो! आणि पुस्तकात आपल्याकडं नव्हती ती पानं पण होती फुडं."

मी विचारलं, "मग?"

"मना दिसला! एका पानावर पाच. साफ दिसला, माझा मना. डॉक्टरनी विचारायच्या आधी बोललो, पाच."

आम्ही समोरच्या टपरीवर कांदाभजी खाल्ली. तो म्हणत होता की तीन वर्षं रंगांकडे इतकं टक लावून बघितल्यावर डोळ्यांना वळण लागलं असेल. होत असेल का गं असं, मी मनात स्वतःलाच विचारलं, आणि होत असेल असं ठरवून टाकलं. त्याने तिथूनच आईला फोन लावला. "आये, मी नाय जात ममईला. हितंच ऱ्हातोय." पलीकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण याने पाठ फिरवून डोळे पुसले. त्या संध्याकाळी मी घरी जाताना उगीचच मोठ्याने गाणं म्हणत होते. आई म्हणाली, "आज काय लॉटरी लागली?"

त्याच आठवड्यात कंपनीतून फोन आला, तो मला. बाई अगदी गोड बोलत होत्या. आधीचे उमेदवार मेडिकलमध्ये बसले नाहीत, यादीत पुढचं नाव तुमचं, तुम्ही कधी येऊ शकाल? मी कळवते म्हणून फोन ठेवला. तशीच कॉलेजात गेले. तो विभागाच्या पायऱ्यांवर बसला होता. त्यालाही कळलं होतं.

"कुठं चुकलो ताच कळत नाय," तो म्हणाला, आणि त्याने पहिल्या पानापासून आकडे म्हणायला सुरुवात केली. बारा, आठ, एकोणतीस. एकही चुकत नव्हता. शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. मला ते ऐकवेना. मी फोन काढला आणि या खेपेला नीट, मिळेल तिथून शोधलं. अख्खं पुस्तक सापडलं. सुरुवातीची ओळखीची पानं संपल्यावर एक पान आलं, त्यावर मला नुसते ठिपके दिसले. खाली बारीक अक्षरात खुलासा होता. हे पान मुद्दाम उलट्या रीतीने केलेलं असतं. चांगल्या नजरेच्या माणसाला इथे काही दिसत नाही. ज्याला लाल-हिरवा कळत नाही, त्यालाच इथे पाच दिसतो.

मी फोन पालथा धरला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, पान बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"ह्योच तो! बघ, पाच."

"मला नाही दिसत."

"चेष्टा नको गो करू."

"खरंच नाही दिसत रे."

त्याने माझं बोट धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. ते पडद्यावर टेकवून त्याने वरची आडवी रेघ ओढली, मग खाली, मग पोट. चित्र सरकलं. त्याने ते जागेवर आणलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मी जीव एकवटून बघत होते. ठिपकेच होते. बोट खालच्या टोकाशी आलं तेव्हा त्याची नजर त्या बारीक अक्षरांवर गेली. त्याने ती वाचली. माझं बोट सोडलं नाही, पण ते हलवायचं थांबवलं. मला रडू आवरेना. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "मना वाटला होता, माझं डोळं सुधारलं."

मी नोकरी घेणार नाही म्हणाले तेव्हा मात्र तो माझ्यावर चिडला, पहिल्यांदा आणि शेवटचाच. एक जागा आपल्या वर्गाची आहे, ती वाया घालवलीस तर तोंड बघणार नाही, म्हणाला. मला जे सांगायचं होतं ते मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण जो माणूस हरून चाललाय त्याला थांब कसं म्हणायचं, आणि कशाच्या जोरावर? निकालाचा कागद घेऊन तो खेडच्या गाडीने गेला. तिथून आईला भेटून भिवंडीला. सुरुवातीला फोन यायचे. गोदामात खोक्यांवर रंगीत पट्ट्या असतात म्हणे, त्या तो आकडे वाचून ओळखतो. मग फोन कमी झाले, आणि मग कुणी करायचा यावर अडून राहिले.

मी मेडिकलला गेले ती त्याच डॉक्टरांकडे. टेबलावर तेच पुस्तक. डॉक्टर चांगले होते, घाबरू नको म्हणाले. बारा, आठ, एकोणतीस. मी बघून सांगत होते, तरी घोकलेलं म्हणते आहे असं वाटत होतं. मग ते पान आलं. आडवी रेघ कुठून निघते, कुठे खाली वळते, पोट कुठे येतं, मला सगळं माहीत होतं. माझं बोट मांडीवर आपोआप हललं.

"इथे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.