वाऱ्यापासून जपलेली पवनचक्की

जावयाने सासऱ्याला नोकरीला लावू नये, असं कोणी अजून लिहून ठेवलं नसेल तर आता ठेवायला हरकत नाही. आमच्या टॉवरवाल्याने, म्हणजे डोंगरोडोंगरी मोबाइल टॉवर दुरुस्त करत हिंडणाऱ्या जावयाने, लावलं. डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरला राखणदार हवा होता, सासरे पायथ्याला रिकामे बसून होते आणि बायकोने भुणभुण लावली. झालं.

हा टॉवर विजेच्या तारांपासून फार लांब. त्यामुळे ऊन असलं की सौर पॅनल, वारा असला की पवनचक्की, आणि दोन्हींची वीज साठवायला खोलीत बॅटऱ्या. एक रुसला तर दुसरा सांभाळून घेईल, असा मामला. प्रत्यक्षात आभाळ भरून आलं, सोसाट्याचा वारा सुटला, की टॉवर हमखास बंद पडायचा आणि खालच्या सगळ्या वस्त्यांचे फोन मुके व्हायचे. बाहेर माणूस उडून जाईल असा वारा, आणि बॅटऱ्या रिकाम्या!

टॉवरवाल्याने तारा बदलल्या, चार्जर बदलला, बॅटऱ्या एकेक तपासल्या. पण तो वर पोहोचेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरून नुसती झुळूक उरलेली असायची आणि चक्की अगदी गुणी बाळासारखी फिरत असायची. सासरे, त्यांना तो मामा म्हणायचा, दार पुसत म्हणायचे, "मी आहे ना इथे. कशाला काळजी करता?"

काळजी कशी नसेल? साहेबांनी कबूल केलं होतं, हा टॉवर हंगामभर नीट चालला तर शहरातल्या ऑफिसातली जागा तुझी. म्हणजे रोज संध्याकाळी घर, बायको, ताटात गरम जेवण. जीपमध्ये झोपून झोपून त्याची पाठ आणि संसार दोन्ही आखडले होते.

शेवटी एका ढगाळ दिवशी तो न सांगताच डोंगर चढला. वाटेत टोपी उडाली ती थेट दरीत. वर बघतो तर चक्कीची पाती ढिम्म हलत नव्हती. खोलीत शिरला, तर चक्की थांबवायचा खटका खाली ओढलेला आणि मामा शेजारी निवांत बसलेले.

"मामा, चक्की कोणी बंद केली?"

"मीच. एवढ्या वाऱ्यात चालू ठेवतात होय? पाती मोडली म्हणजे?"

"अहो, ती वाऱ्यावरच चालते!"

"चालते की. झुळूक असली की मी सोडतोच."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी म्हणालात, मामा, हिला जिवापाड जपा, मोडली तर दोघांची नोकरी गेली."

म्हणाला होता खरा. तो खटका फक्त दुरुस्तीच्या वेळी ओढायचा, जोराच्या वाऱ्यात चक्की आपला वेग आपणच आवरते, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. आणि मामा म्हणजे नवा सदरा कपाटातच जुना करणारा माणूस. सासरा पडला, ओरडायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्याने खटका वर केला आणि मामांना पाती बघायला बाहेर पाठवलं. बॅटऱ्या जरा भरल्या, फोन लागू लागले आणि पहिलाच आला तो साहेबांचा.

"कारण सापडलं का? राखणदाराची चूक असेल तर आजच बदलतो त्याला."

खिडकीतून मामा दिसत होते. गरगर फिरणाऱ्या पात्यांकडे बघत जीव मुठीत धरून उभे होते. टॉवरवाल्याला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

"चूक माझी, साहेब," तो म्हणाला. "माझ्याकडूनच खटक्याचं नीट सांगायचं राहिलं."

"मग ऑफिसातली जागा विसर."

तेव्हापासून टॉवर एकदाही बंद पडला नाही. शहरातल्या खुर्चीवर दुसराच कोणी बसला. टॉवरवाला अजून जीपमध्येच झोपतो, आणि वारा सुटला की त्याचा फोन वाजतो.

"जावईबापू, फार वारा आहे. खटका ओढू?"

"नको, मामा."

"बरं. आणि हो, लेक विचारत होती, तुमची शहरातली जागा कशी काय हुकली म्हणून. मी म्हटलं, मनाने चांगले आहेत गं, पण कामात जरा निष्काळजी."

टॉवरवाल्याने डोळे मिटले. आता फोन कट व्हावा, निदान आवाज तरी तुटावा, अशी वाट बघत राहिला. पण टॉवर ठणठणीत होता. मामांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.